मधला मंगळवार

आयपीएलचं एक बरं असतं. हापूसच्या पेट्या मार्केट यार्डात उतरायला लागल्या की ती सुरू होते आणि मृगाचा पाऊस यायच्या आत आटपते. उन्हाळ्यातल्या कामांच्या यादीत, कुरडया आणि सांडगे यांच्या मध्ये कुठेतरी, तिची जागा ठरून गेली आहे. प्रो कबड्डीचं तसं नाही. 2014 साली ती पहिल्यांदा आली ती जुलैअखेर, भर पावसात. 2016 मध्ये एकाच वर्षात दोनदा आली, एकदा संक्रांत उरकल्यावर आणि पुन्हा आषाढाच्या तोंडावर. 2018 मध्ये घट बसायच्या आधी आली आणि भिंतीवर नवं कॅलेंडर लागल्यावर गेली. 2020 मध्ये आलीच नाही. 2021 च्या डिसेंबरात आली ती बंगळुरूच्या एका हॉटेलात, प्रेक्षकांवाचून. दहावा हंगाम 2023 च्या डिसेंबरात सुरू होऊन तिळगुळातून, हळदीकुंकवातून वाट काढत 1 मार्चला संपला. आणि बारावा हंगाम 29 ऑगस्ट 2025 ला सुरू झाला तेव्हा घरात गणपती बसून तिसरा दिवस होता. संपला 31 ऑक्टोबरला, तोवर फराळाच्या डब्यात फक्त शेवेचा चुरा आणि दोन कडक शंकरपाळे उरले होते.

त्यामुळे आमच्या घरी कोणाला हंगामाचा क्रमांक लक्षात राहत नाही. ‘तो चकलीचा हंगाम’, ‘तो आईंच्या गुडघ्याचा हंगाम’, ‘तो गौरींच्या वेळचा’ अशीच त्यांची ओळख आहे. कुठलंही खेळाचं मंडळ असं वेळापत्रक मुद्दाम आखणार नाही, पण कबड्डीचं हे भटकं वेळापत्रक मला आवडतं. क्रिकेटला आम्ही उन्हाळा देऊन टाकला. कबड्डी मात्र वर्षाच्या कुठल्याही कोपऱ्यातून आत येते आणि जे काही चालू असेल त्यात पाट मांडून बसते.

मी कर्वेनगरात राहते, पुणेरी पलटणच्या बाजूची आहे आणि माझं माहेर परळचं आहे. यातली तिसरी गोष्ट पहिल्या दोन गोष्टींना अडचणीची आहे.

परळ-लालबागमध्ये वाढलेल्या माणसाला कबड्डी शिकवावी लागत नाही. आमच्या चाळीमागच्या मैदानात थंडीच्या दिवसांत स्पर्धा भरायच्या. दुपारपासून पोरं माती चाळायची, पाणी मारायची, चुन्याची रेघ ओढायची. संध्याकाळी दिवे लागले की त्या लाल मातीला एक ओलसर तकाकी यायची. गिरण्यांचे संघ, रेल्वेचे संघ, बँकांचे संघ. चांगल्या चढाईपटूला खेळाच्या जोरावर नोकरी लागायची, आणि ज्याला लागली त्याचं नाव चाळीत आदराने घेतलं जायचं. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडले, पण मैदानातले दिवे लागत राहिले. माझा दादा अजून त्याच भागात राहतो. 2014 मध्ये शहरांच्या नावाचे संघ निघाले तेव्हा त्याला विचार करावाच लागला नाही. यू मुंबा पहिल्या वर्षी अंतिम सामन्यात हरली, दुसऱ्या वर्षी अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली जिंकली. पुणेरी पलटण त्या दोन्ही वर्षी आठ संघांत आठवी आली.

आता सांगा, परळची मुलगी आठव्या नंबरच्या संघाकडे कशी गेली?

दादा हे दर हंगामात विचारतो. मला त्याला नेमकी तारीख देता येत नाही. लग्न होऊन पुण्यात आले म्हणून, हे उत्तर खरं नाही. लग्नानंतरही कितीतरी वर्षं मी मनाने दादरच्या अलीकडे येतच नव्हते. कुठल्या मोठ्या विजयाने मी पलटणकडे वळले असंही नाही, कारण तेव्हा तसा विजय नव्हताच. झालं ते मधल्या सामन्यांत झालं. रात्री आठला एक सामना, नऊला दुसरा. त्याच वेळी आमच्याकडे पोळ्या होतात. कणीक मळून ठेवलेली, एका डोळ्याने तवा, दुसऱ्या डोळ्याने टीव्ही. पाचवा सामना, सातवा, दहावा. रोज संध्याकाळी समोर तीच सात पोरं नारिंगी बनियनमध्ये दिसायची. कोणाचा घोटा दुखावला आहे, कोण दोन सामने गप्प आहे, कोणाला बाकावर बसवलंय, हे आपोआप कळत गेलं. आणि ज्याची खुशाली रोज कळते ते माणूस आपलं होतं, त्याला पर्याय राहत नाही.

म्हणून माझं पहिलं मत असं की चाहत्याची परीक्षा हंगामाच्या मध्यावर असते. सुरुवातीचे सामने नवलाईचे असतात, कोण कुठल्या संघात गेला हे पाहण्यात जातात. शेवटचे सामने साऱ्या गावाचे असतात. ज्यांना बोनस रेषा कुठली हेही माहीत नसतं तेसुद्धा त्या दिवशी ‘पुणेऽरी’ म्हणून ओरडतात. मधले सामने फक्त आपले. गुणतक्त्यात सगळे संघ दाटीवाटीने उभे असतात, काहीच ठरलेलं नसतं, आणि म्हणूनच बोलायला मोकळीक असते. अंतिम सामना झाल्यावर शहाणपण स्वस्त होतं. मध्यावरचं मत महाग असतं, कारण ते खोटं ठरू शकतं. पुण्यात मतांचा तुटवडा कधीच नव्हता, पण मध्यावर ठामपणे बोलणारा माणूस तेवढा विश्वासाचा.

आमच्या घरात असं माणूस म्हणजे सासूबाई. आई वाईच्या. शाळेत असताना खेळलेल्या, कृष्णेच्या घाटालगतच्या पटांगणात, ओचा खोचून. दहावीनंतर खेळ सुटला; का सुटला हे त्या काळच्या मुलीला कोणी विचारत नसे. आता टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसून लसूण सोलता सोलता त्या सामना बघतात आणि समालोचकाच्या आधी सांगतात, ‘‘हा आता धरला जाणार.’’ धरला जातो. मी एकदा विचारलं, तुम्हाला कसं कळतं. तर म्हणाल्या, ‘‘अगं, तू हात बघतेस. हात खोटं बोलतात. पाय बघ.’’ तेव्हापासून मी पाय बघते. चढाई करणाऱ्याचा मागचा पाय मध्यरेषेच्या दिशेला वळलेला असला तर तो फक्त वेळ काढतोय. टाच उचललेली असली तर तो बोनसला जाणार. आणि कोपऱ्यातला बचावपटू गुडघ्यात वाकून बसल्यासारखा उभा असला तर त्याची नजर नक्की घोट्यावर आहे.

‘‘ही तिसरी चढाई काढून टाकली पाहिजे,’’ हे आईंचं जुनं मत. नियम असा की एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. खेळ रेंगाळू नये म्हणून हा नियम आणला. झालं उलटंच. पहिल्या दोन चढाया म्हणजे हजेरी लावून परत येणं. तीस सेकंदांतली पंचवीस सेकंदं रेषेवर इकडून तिकडे, मग परत. सगळा जीव तिसरीत. आई म्हणतात, ‘‘आमच्या वेळी दम असेतो आत राहायचो, आणि आत गेलो की काहीतरी घेऊनच यायचो.’’ मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. तिसऱ्या चढाईला घरातले सगळे हातातलं काम थांबवतात, यांचं क्रिकेटवरचं बोलणंसुद्धा थांबतं, आणि तवा तापून पहिली पोळी करपते. इतकी ताकद असलेला नियम काढू नये. पहिल्या दोन चढायांना काहीतरी करा म्हणजे झालं. निदान बोनस रेषेपर्यंत जाणं तरी सक्तीचं करा.

मला सर्वांत पटलेला नियम अव्वल पकडीचा. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना त्यांनी पकड केली तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. माणसं कमी असताना केलेल्या कामाची किंमत दुप्पट धरायची, हे कोणाच्या डोक्यातून आलं माहीत नाही, पण त्याने घर चालवलेलं असणार. 2024 च्या नोव्हेंबरात आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आमच्या घरात तीनच माणसं उभी होती. हे सकाळी दवाखान्यात, मी दुपारी ऑफिसमधून परस्पर, लेक कॉलेज करून संध्याकाळी डबा घेऊन. त्या महिन्यात ज्याने न सांगता दूध तापवलं त्याला मी मनातल्या मनात दोन गुण दिले.

योगायोग असा की त्याच हंगामात, मध्यावरच, पलटणचा कर्णधार अस्लम इनामदारचा गुडघाही गेला. नगर जिल्ह्यातला हा मुलगा, आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघातला, आणि त्याआधीच्याच हंगामात पलटणला पहिलं विजेतेपद मिळवून देणारा. बातमी आली तेव्हा आई पलंगावर, पाय उशीवर. फिजिओथेरपिस्ट नुकताच येऊन गेला होता. त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलणं बंद करून त्याच्या दुखण्याबद्दल बोलायला सुरुवात केली. ‘‘त्याला म्हणावं, घाई करू नकोस. वाकवायचा तेवढाच वाकव.’’ निरोप कोणामार्फत पोहोचवायचा हे त्यांनी सांगितलं नाही. पण रोज सकाळी गुडघा वाकवताना त्या अस्लमचाही गुडघा वाकवत असाव्यात, असा मला संशय आहे. पलटणची धुरा आकाश शिंदेकडे आली, संघ घसरत गेला आणि आठवा राहिला. आई मात्र संक्रांतीपर्यंत काठी न घेता जिना उतरायला लागल्या.

त्याआधीचा दहावा हंगाम याच्या अगदी उलट होता. बावीस सामन्यांत सतरा विजय, तीन बरोबरीत, दोनच पराभव. अस्लम, मोहित गोयत, पंकज मोहिते चढाईला. मागे गौरव खत्री, अबिनेश नादराजन, संकेत सावंत, आणि लिलावात 2 कोटी 35 लाखांना घेतलेला इराणचा मोहम्मदरेझा शादलुई, ज्याने त्या हंगामात पकडींतून 99 गुण मिळवले. भोगीची भाजी शिजत होती आणि पलटण जिंकत होती. हळदीकुंकवाला बायका आल्या आणि पलटण जिंकत होती. मध्यावर तर अशी अवस्था आली की घरात कोणाला मत द्यायलाच जागा उरली नाही. आई म्हणाल्या, ‘‘हरत नाहीत का गं ही पोरं?’’ त्यात कौतुक कमी आणि तक्रार जास्त होती. पुणेकराला चूक काढायला मिळाली नाही तर त्याला जेवण गोड लागत नाही. हैदराबादला अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवलं तेव्हा मात्र आईंनी देवापुढे साखर ठेवली आणि दादाला फोन लावायला सांगितला. दादा म्हणाला, अभिनंदन. परळच्या माणसाकडून एवढं म्हणजे फार झालं.

आणि मग तो संघ मोडला. शादलुईला पुढच्या लिलावासाठी सोडलं, हरियाणाने 2 कोटी 7 लाखांना घेतलं. अकराव्या हंगामाचा शेवटचा टप्पा आणि अंतिम सामना आपल्या बालेवाडीत होता. 29 डिसेंबर 2024 ला हरियाणाने पाटणा पायरेट्सला 32-23 असं हरवलं आणि शादलुईने करंडक उचलला तो पुण्यातच, फक्त दुसऱ्याच्या रंगात. लिलावावर माझं मत कडक आहे. पैशाची मर्यादा सगळ्या संघांना सारखी असावी, ते बरोबर. नाहीतर श्रीमंत संघच दरवर्षी जिंकेल. पण विजेत्या संघातली सातही माणसं पुढचं एक वर्ष एकत्र राहू शकतील अशी सोय पाहिजे. बचाव ही एकट्याची कला नाही. साखळी करताना शेजारचा किती लांब पाऊल टाकतो हे हाताला कळावं लागतं, आणि ते कळायला शंभर संध्याकाळी एकत्र घाम गाळावा लागतो. ते लिलावात विकत मिळत नाही.

ऑपरेशननंतरच्याच त्या डिसेंबरात एका मंगळवारी मी आणि लेक बालेवाडीला गेलो. नणंद आईंजवळ येऊन बसली म्हणून जमलं. वारजे, चांदणी चौक, मग महामार्गाने उजव्या-डाव्या वळणांतून श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल. 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेलं हे संकुल. 2008 मध्ये इथे राष्ट्रकुल युवा स्पर्धाही झाल्या. बॅडमिंटन हॉलमध्ये मॅट अंथरलेली. आठवड्याचा मधला दिवस, पलटणची आशा मावळत आलेली, तिकिटं सहज मिळाली, पुढच्या रांगाही मोकळ्या होत्या.

टीव्हीवर कबड्डी जवळून दिसते, पण मैदानावर ती ऐकू येते. मॅटवर सात जोडी पावलं एकदम सरकतात त्याचा सुर्रकन आवाज. बचावपटूंचं एकमेकांशी बोलणं, जे समालोचनात बुडून जातं: ‘‘मागे, मागे... थांब... आता!’’ चढाईपटूचा ‘कबड्डी, कबड्डी’ हा जप टीव्हीवर नुसती पुटपुट वाटतो. तिथे कळतं की तो श्वासाचा हिशेब आहे, आणि शेवटच्या काही सेकंदांत त्याला चिरा पडायला लागतात. तेरा बाय दहा मीटरचं मैदान, म्हणजे एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोली. समोर सात जण. पळायला जागा कुठेच नाही, आणि तरी माणूस निसटून येतो.

लेक मात्र बाकाकडे बघत होती. बाद झालेले खेळाडू बाजूला ओळीने बसतात आणि त्यांच्या संघाने गुण मिळवला की ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने परत येतात. सर्वांत आधी गेलेला सर्वांत आधी परत. ‘‘आई, बघ ना,’’ ती म्हणाली, ‘‘पहिला बसलेला आहे तो मॅच बघतच नाहीये. तो नुसता उठायच्या तयारीत आहे.’’ खरंच, त्याच्या टाचा उचललेल्या होत्या. आजीची नात. पाय बघायला तिला कोणी शिकवलं नव्हतं.

आता बाजू बदलण्याविषयी, कारण दादाचा प्रश्न अजून शिल्लक आहे. 2022 मध्ये पलटण पहिल्यांदा अंतिम फेरीत गेली तेव्हा कर्णधार होता इराणचा फझल अत्राचली. तो त्याआधी दादाच्या यू मुंबाकडूनही खेळलेला. त्या वर्षी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात आपण जयपूरकडून 29-33 असे हरलो आणि आई त्याच्यासाठी हळहळल्या. तीन वर्षांनी, 2025 मध्ये, पलटण पुन्हा अंतिम फेरीत. आदित्य शिंदेने उपांत्य टप्प्यात तेलुगू टायटन्सविरुद्ध गुणांचा पाऊस पाडून संघाला तिथवर आणलेलं. समोर दबंग दिल्ली, तेही त्यांच्याच गावात, आणि त्यांच्या डाव्या कोपऱ्यात वाकून उभा तोच फझल. आपण 28-31 असे हरलो. हे म्हणाले, ‘‘बघा, तुमचाच माणूस तुमच्यावर उलटला.’’ आईंनी लसणाची पाकळी वाटीत टाकली आणि म्हणाल्या, ‘‘उलटला कुठे? ज्याच्या घरी जेवतो त्याच्यासाठी खेळला. चांगला खेळला.’’

मला 2018 ची जकार्ता आठवली. आशियाई स्पर्धेत महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला 27-24 असं हरवलं. इराणच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्या दिवशी पुष्कळांना प्रश्न पडला होता की या बाईंनी नक्की काय केलं. आमच्या घरात आईंनी तो निकाली काढला होता. नाशिकच्या बाईने परक्या देशात जाऊन तिथल्या मुलींना आपला खेळ इतका नीट शिकवला की त्यांनी आपल्यालाच हरवलं. शिकवणं म्हणतात ते याला, असं त्यांचं म्हणणं. ज्या बाईचा स्वतःचा खेळ दहावीला सुटला तिच्या तोंडून हे ऐकताना मला वाटलं, पुरुषांच्या लीगचे बारा हंगाम झाले, पण मुलींच्या वाट्याला अशी बरोबरीची, दरवर्षीची लीग अजून का येत नाही? याला माझ्याकडे मत नाही, राग आहे.

दादाला मी शेवटी हेच उत्तर दिलं. माहेर सुटत नाही. यू मुंबा जिंकली तर मला बरंच वाटतं, आणि परळच्या मातीचा वास अजून नाकात आहे. पण रोजची पोळी मी इथे लाटते, आणि ज्यांच्यासाठी रोज तवा करपतो ती बाजू माझी. दादा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘‘बरं, पण आपला सामना असेल तेव्हा फोन करू नकोस.’’ हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

बाराव्या हंगामात आणखी एक गोष्ट बदलली आणि तिच्यावर घरात अजून भांडण चालू आहे. पूर्वी विजयाचे पाच गुण, बरोबरीचे तीन, आणि सात किंवा त्याहून कमी फरकाने हरणाऱ्यालाही एक गुण मिळायचा. आता सगळं सुटसुटीत: जिंकला त्याला दोन, हरला त्याला शून्य. बरोबरी झाली तर वेगळ्या चढाया खेळवून निकाल लावायचाच. पलटणचा त्या हंगामातला पहिलाच सामना बंगळुरू बुल्सशी 32-32 असा सुटला आणि आपण तो टायब्रेकरमध्ये जिंकलो, ऐन गणपतीत, आरतीचं तबक हातात असताना. तेव्हा मी नव्या नियमाचं कौतुक केलं. पण मध्यावर आल्यावर तो एक गुण आठवायला लागला. लेक बारावीत आहे. तिचं मत असं, ‘‘हरलं ते हरलं. थोडक्यात हरलं म्हणून गुण कसले?’’ हिच्याच चाचणीत थोडक्यात हुकलेल्या मार्कांसाठी हिने सरांशी तासभर वाद घातला होता, हे मी तिला सांगितलं नाही. आईंनी सांगितलं.

माझं मत पक्कं आहे: तो एक गुण परत द्या. तो हरणाऱ्याचं समाधान करण्यासाठी नव्हता. शेवटच्या दोन मिनिटांत दहा गुणांनी मागे असलेला संघ पूर्वी तीन गुण तरी भरून काढायला धडपडायचा, कारण त्या धडपडीला किंमत होती. आता तोच संघ चढाईचे तीस सेकंद रेषेवर चालत काढतो. हरलेला सामना शेवटपर्यंत खेळावासा वाटणं, यातच हंगामाच्या मध्याचा जीव आहे. शेवटी वर जाणारे संघ कुठल्याही पद्धतीने वर जातीलच. मधल्या आणि खालच्या संघांनी जीव तोडून का खेळावं, याचं उत्तर तो एक गुण होता.

आणि दुसरी मागणी. बारावा हंगाम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चार शहरांत उरकला. मुंबई नाही, पुणे नाही. ज्या महाराष्ट्राच्या अमरावतीतल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 मध्ये बर्लिनला जाऊन जगाला हा खेळ दाखवला, त्या महाराष्ट्रात एकही सामना नाही. खर्च वाचत असेल, खेळाडूंचा प्रवास वाचत असेल, मान्य. पण नाव पुणेरी, आणि पुण्यातल्या मुलाला ते सात जण डोळ्यांनी दिसणार नसतील तर उद्या त्याला लाल मातीत उतरावंसं का वाटेल? कोपऱ्यात वाकून उभं कसं राहायचं हे टीव्ही दाखवत नाही. टीव्ही फक्त चढाईपटूचा चेहरा दाखवतो.

बालेवाडीत पुन्हा सामने येतील तेव्हा एक करा. अंतिम सामन्याच्या तिकिटामागे धावू नका. ते मिळालं तरी तिथे सगळे ओरडत असतात, काही ऐकू येत नाही. हंगामाच्या मध्यावरचा एखादा मंगळवार निवडा. पलटण चौथी-पाचवी असेल, हॉल अर्धा रिकामा असेल, पुढची रांग मोकळी असेल. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या, जिन्याला कठडा आहे. आणि बसल्यावर हात बघू नका, पाय बघा.